पारिजातक घरी लावताना: मुंबईच्या हवेत जगवणं, फुलवणं आणि एका झाडाची चार रोपं करणं

पारिजातक मेलाय की झोपलाय, हे नखाने कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून नुसत्या काड्या उरल्या की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढायचं. भुरकट सालीखाली ओलसर पोपटी थर दिसला तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर वीतभर खाली, बुंध्याकडे सरकून पुन्हा बघायचं. टोकाकडे वाळलेली फांदी खाली हिरवी निघते, असं कितीदा तरी होतं.

माझं पहिलं झाड हे माहीत नसल्यामुळे गेलं. मुलुंडला राहायला आलो त्या पावसाळ्यात गुडघ्याएवढं रोप आणलं. दिवाळीपर्यंत ते छान फुललं आणि फेब्रुवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली. उन्हाळा तोंडावर आहे, तहानलं असेल, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घालत राहिले. महिन्याभरात बुंधा जमिनीलगत मऊ पडला. उपटलं तर मुळं काळी पडलेली आणि कुजका वास. पानंच नसताना ते पाणी झाड ओढणार तरी कशाने? पारिजातक पानगळीचं झाड आहे, ही एवढी गोष्ट कुणी तेव्हा सांगितली असती तर ते झाड आज दारात असतं. म्हणून हा लेख.

आधी झाड ओळखा

पारिजातक, प्राजक्त, हिंदीत हरसिंगार आणि बंगालीत शिउली, सगळं एकच. पश्चिम बंगालचं ते राज्यफूल आहे. शास्त्रीय नाव निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस, म्हणजे रात्रीच्या फुलांचं दुःखी झाड. रात्रभर फुलून पहाटे सगळं वैभव जमिनीवर टाकून देणाऱ्या या झाडाला दिवसा पाहिलं तर ते नाव पटतं. मोगरा-जाईच्याच कुळातलं हे झाड भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत वाढतं. मोकळ्या जमिनीत ते ३० फुटांच्या आसपासही जातं, पण छाटत राहिलं तर माणसाच्या उंचीचं झुडूप म्हणून सुखाने राहतं. कुंडीत लावता येतं ते त्यामुळेच.

विकत घेताना एक घोटाळा हमखास होतो. इंग्रजी नावाने मागितलंत तर रातराणी हातात पडू शकते, कारण दोन्ही झाडांना तिथे जवळपास एकच नाव वापरतात. फूल नसतानाही ओळखायला सोपं आहे. पारिजातकाचं पान बोटांत धरून चोळा, ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. रातराणीचं पान गुळगुळीत असतं. मग कोवळी फांदी दोन बोटांत फिरवून बघा. पारिजातकाची फांदी गोल फिरत नाही, तिला चार कडा असतात. डोळे मिटूनही कळावं इतकं ते स्पष्ट आहे. आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूरला ‘पारिजात’ म्हणून जो प्रचंड वृक्ष दाखवतात, तो या झाडाचा थोरला भाऊही नव्हे. ती गोरखचिंच आहे.

रोप घेताना फुलांनी भरलेलं उंच रोप शोधू नका. कमरेच्या खालचं, बुडापासून दोन-तीन फांद्या फुटलेलं घ्या. पिशवीच्या तळातून मुळांचं जाळं बाहेर आलेलं असेल तर दुसरं मागा.

जागा ठरवताना फुलं पडणार कुठे, ते आधी बघा

ऊन आणि पाणी नंतर. पारिजातकाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की फुलं पडणार कुठे? सत्यभामेच्या अंगणातल्या पारिजातकाची फुलं रुक्मिणीच्या दारात पडत, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मुंबईत तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये पारिजातक लावला की ती कथा शब्दशः घडते. माझी निम्मी फुलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छज्जावर पडतात. काकू ती रोज वेचून देवाला वाहतात, म्हणून आमचं बरं चाललं आहे. पण खाली कुणाचे कपडे वाळत असतील, तर देठांच्या केशरी रंगाचे डाग पडू शकतात. तेव्हा कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला न ठेवता आतल्या बाजूला ठेवा आणि फांद्या आत वळतील अशी छाटणी करा. गच्ची मिळत असेल तर फारच उत्तम.

ऊन चार-पाच तास तरी थेट हवं. पूर्वेचं सकाळचं ऊन आणि नंतर उजेड, एवढ्यावरही झाड चांगलं होतं. उत्तरेच्या खिडकीत झाड जगेल, पानं मोठी होतील, पण फुलांची वाट बघत बसाल. रात्रभर ट्यूबलाइटचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत थेट झाडावर पडणार नाही अशी जागा मिळाली तर तीच निवडा. फुलं अंधार पडल्यावर उमलतात, त्यांना तो अंधार मिळू द्या.

सोसायटीच्या आवारात जमिनीत लावायचं असेल तर आधी समितीची परवानगी घ्या. भिंत, गटार आणि पाण्याच्या टाकीपासून सात-आठ फूट अंतर ठेवा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. मुंबईत खणलं की बहुतेक वेळा विटांचे तुकडे, सिमेंट आणि डेब्रिसच वर येतं. ते सगळं काढून टाका आणि लाल माती विकत आणून भरा. एक गोष्ट लक्षात असू द्या, जमिनीत मोठं झालेलं झाड पुढे मनाला येईल तसं तोडता येत नाही. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून जागा पहिल्यांदाच नीट निवडा.

कुंडी आणि माती

सुरुवातीला १२ इंची कुंडी आणि वर्षा-दीड वर्षाने १८ इंची. एकदम मोठ्या कुंडीत छोटं रोप लावू नका. मुळं न पोचलेली माती पावसाळ्यात ओली राहते आणि आंबते. मातीची कुंडी सर्वांत चांगली, पण ग्रिलला भार झेपत नसेल तर प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून वापरा. तळाला बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं तरी हवीत.

मिश्रण मी असं करते: दोन पाट्या लाल माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक पाटी जाड रेती, आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडंच घालते. रोपवाटिकेतली माणसं वजन कमी व्हावं म्हणून कोकोपीट भरपूर घालायला सांगतात आणि कोरड्या गावांत ते ठीकही आहे. पण मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत कोकोपीट स्पंजासारखं भिजलेलं राहतं आणि पारिजातकाला पायात पाणी साठलेलं अजिबात खपत नाही. रेती वाढवा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, आणि पावसाळ्याआधी खालची ताटली काढून टाका. एवढं केलं तरी निम्मी झाडं वाचतील.

वर्षभराचं पाणी, खत आणि कात्री

पारिजातकाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं समजा. पहिल्या पावसानंतर वरची दोन इंच माती खुरप्याने हलवायची, एक-दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळायची. जून-जुलैमध्ये झाड झपाट्याने वाढतं. याच काळात नव्या फांद्यांचे शेंडे दोन बोटांनी खुडायचे. खुडलेल्या जागेखाली समोरासमोरच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात. जितके शेंडे तितके घोस, कारण फुलं नव्या वाढीच्या टोकांना आणि पानांच्या बगलेत येतात, एका घोसात दोन ते सात. पण जुलै संपला की खुडणं थांबवा. त्यानंतर खुडलंत तर कळ्याच तोडाल.

ऑगस्टमध्ये शेंगदाण्याची पेंड पाण्यात चार दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून दोन वेळा घाला. युरियाच्या वाटेला जाऊ नका. पानं हत्तीच्या कानाएवढी होतील आणि फुलं रुसतील.

साधारण श्रावण-भाद्रपदात पहिली फुलं दिसतात आणि नवरात्र ते दिवाळी हा भर असतो. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र पाण्याकडे लक्ष ठेवा. पाऊस गेल्यावर आठवडाभरात कुंडी दगडासारखी कोरडी पडते आणि कळ्या न उमलताच गळतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तर खालून वाहेपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर त्या दिवशी राहू द्या. रोज थोडं-थोडं पाणी शिंपडण्यात काही अर्थ नाही.

डिसेंबरनंतर पाणी हळूहळू कमी करायचं. मुंबईला कडाक्याची थंडी नाही, म्हणून पानगळ कुणाकडे पूर्ण होते तर कुणाकडे अर्धीच. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, ती वेगळी गोष्ट. पानं पिवळी होऊन देठासकट सहज गळत असतील, फांद्या टणक असतील, नखाखाली हिरवं दिसत असेल तर काळजी नको. या काळात चार-पाच दिवसांनी एकदा, माती खोलवर कोरडी झाल्यावरच पाणी. खत अजिबात नको.

छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस, बिया काढून झाल्यावर. धारदार कात्री स्पिरिटने पुसून घ्या. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या फांद्या आधी काढा. उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने आखूड करा, डोळ्याच्या बोटभर वर, तिरका काप देऊन. पहिल्यांदा हात थरथरतो. पण न छाटलेलं झाड दोन-तीन वर्षांत वरच्या वर जातं, खाली नुसते बुंधे उरतात आणि फुलं हाताला येत नाहीत. एप्रिलमध्ये काड्यांवर तपकिरी-हिरवे डोळे फुगलेले दिसले की पाणी पुन्हा वाढवा.

बियांपासून रोपं

फुलं गेल्यावर झाडावर चपट्या हिरव्या टिकल्या दिसतात, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या. ही फळं. ती तपकिरी होऊन वाळली की बोटांनी दाबल्यावर मधोमध दुभंगतात आणि प्रत्येक अर्ध्यात एक चपटी बी असते. हिरवी फळं काढून वाळवू नका, त्यातली बी अर्धवट भरलेली असते. झाडावरच वाळलेली, हलवल्यावर खुळखुळणारी घ्या.

बी जितकी ताजी तितकी बरी. डबीत ठेवून वर्षभराने लावलेल्यांपैकी माझं फारसं काही उगवलं नाही. फेब्रुवारीत जमवलेल्या बिया मी मे अखेरीपर्यंत कागदाच्या पाकिटात ठेवते आणि पावसाच्या तोंडावर पेरते. आदल्या दिवशी साध्या पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी तरंगणाऱ्या टाकून द्यायच्या. तळाला बसलेल्या, रेती आणि कंपोस्ट समसमान भरलेल्या उथळ ट्रेमध्ये पेराएवढ्या खोल, बोटभर अंतराने पेरायच्या. ट्रे छपराखाली, उजेडात ठेवायचा, कारण थेट पाऊस पडला तर बिया उघड्या पडतात. पाणी स्प्रेच्या बाटलीने.

उगवण एकाच वेळी होत नाही. काही पंधरवड्यात, काही महिन्याने वर येतात. म्हणून दोन-तीन रोपं दिसली म्हणून ट्रे रिकामा करू नका. चार-सहा खरी, म्हणजे खरखरीत पानं आली की प्रत्येक रोप मुळांभोवतीच्या मातीसकट चमच्याने उचलून छोट्या पिशवीत लावा. बियांच्या झाडाला फुलायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. ज्यांच्या आवारात मोठं झाड आहे, त्यांनी पावसाळ्यात त्याखाली वाकून बघावं. आपोआप उगवलेली रोपं सापडतात आणि ती सगळ्यांत दणकट निघतात.

काडी लावून

आपल्याला हवं तेच झाड पुन्हा हवं असेल, आजोळचं किंवा जुन्या चाळीतलं, तर बी पुरत नाही. फांदीच लावावी लागते. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मागे एक पारिजातक होता. चातुर्मासात आजी पहाटे पदर पसरून त्याखाली बसायची आणि लाखोलीची फुलं मोजून परडीत घालायची. चाळ पुनर्विकासाला जाणार हे ठरल्यावर मी त्या झाडाच्या काड्या आणल्या. बारा लावल्या, तीन जगल्या. हे प्रमाण मनाशी धरून चला. पारिजातकाची काडी जास्वंदीसारखी पटकन मुळं धरत नाही. दोनच काड्या लावून वाट बघणाऱ्याची निराशा होते.

जूनच्या शेवटी किंवा जुलैत, सतत दमट हवा असताना काड्या घ्या. अगदी कोवळी हिरवी फांदी कुजते आणि जुनी जाड फांदी फुटत नाही. मधली हवी, पेन्सिलीएवढी, साल हिरव्यावरून भुरकट व्हायला लागलेली. कडा अजून बोटाला लागत असतील, पण वाकवल्यावर फांदी लगेच वाकत नसेल, ती बरोबर. वीतभर लांब, निदान चार पेरं (पानं फुटतात ते सांधे) असलेले तुकडे करा. खालचा काप पेराच्या अगदी खाली तिरका, वरचा सरळ. वर-खाली ओळखायला हाच फरक उपयोगी पडतो, उलटी लावलेली काडी सहसा फुटत नाही. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी कापा.

खालचं टोक ओलं करून मुळांच्या पावडरीत, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या रूटिंग हार्मोनमध्ये, बुडवा, जास्तीची झटका. ही पावडर रोपवाटिकेत किंवा ऑनलाइन मिळते. धुतलेली रेती आणि कोकोपीट निम्मी-निम्मी घ्या. इथे कोकोपीट हवं, कारण कुंडी छपराखाली राहणार आहे. खत मुळीच नको. आधी काडीने भोक करा, मग फांदी दोन पेरं आत जाईल इतकी रोवा आणि भोवतालची रेती बोटांनी दाबा. थेट खुपसलीत तर पावडर वरच पुसली जाते. वर पारदर्शक पिशवी फुग्यासारखी बांधा आणि दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं उघडून हवा द्या.

आणि मग उपटून बघू नका. दोन-तीन आठवड्यांत वरचा डोळा फुटतो, आपण खूश होतो, पण तेव्हा खाली मुळं आलेली असतीलच असं नाही. काडी स्वतःच्या साठ्यावर पानं काढते. सहा ते आठ आठवडे थांबा. मग काडी हलकेच ओढल्यावर मातीने धरून ठेवल्यासारखी वाटली, तर मुळं आहेत. तरीही आठवडाभर पिशवी थोडी-थोडी उघडत जा आणि मगच कुंडीत हलवा.

गुटी कलम

ज्यांच्याकडे एकच फांदी धोक्यात घालण्याची हिंमत आहे, त्यांना मी गुटी कलमच सुचवेन. मुळं येईपर्यंत फांदी आईच्या झाडावरच राहते, म्हणून ती सुकत नाही. जुलैच्या सुरुवातीला बोटाएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर, पेराच्या खाली इंचभर रुंदीची साल चाकूने गोल काढा. आतलं लाकूड बुळबुळीत लागतं, तो बुळबुळीतपणा चाकूच्या पाठीने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. बहुतेकांचं गुटी कलम फसतं ते इथेच.

वरच्या कडेला मुळांची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेल्या शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) लिंबाएवढा गोळा भोवती दाबून बसवा, प्लास्टिकने गुंडाळा आणि वर-खाली सुतळीने घट्ट बांधा, पाणी आत शिरता कामा नये. सहा-आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती पांढऱ्याची थोडी तपकिरी झाली, की गुटीच्या खालून फांदी कापा, प्लास्टिक काढा, शेवाळ तसंच ठेवून लावा आणि निम्मी पानं कमी करा. असं झाड पुढच्याच हंगामात फुलू शकतं.

कीड

फार त्रास नाही. पावसाळ्यात केसाळ सुरवंट एका रात्रीत फांदी फस्त करतात. त्यांना हात लावू नका, अंगाला खाज सुटते. चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली की ढेकूण शोधायचाच. पावसातले पानांवरचे काळे ठिपके पाऊस ओसरला की आपोआप थांबतात.

फुलं वेचणं

दादरच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग असतात, पण प्राजक्त सहसा दिसत नाही. वेचल्यावर दोन-तीन तासांत तो मलूल होतो. म्हणून तर तो घरीच लावायचा. रात्री झोपण्यापूर्वी कुंडीभोवती जुनी, धुतलेली सुती चादर पसरा आणि सकाळी साडेसहाच्या आत उचला. जमिनीवर पडलेलं फूल एरवी देवाला चालत नाही, प्राजक्ताचं चालतं. पाण्याच्या उथळ ताटात केशरी देठ खाली आणि पाकळ्या वर अशी ठेवली तर फुलं आणखी थोडा वेळ ताजी राहतात.

सुकलेली फुलं टाकू नका. पाकळ्या काढून ते केशरी देठ (खरं तर ती फुलाचीच नळी असते) सावलीत वाळवा. ओंजळभर जमले की कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि मंद आचेवर गरम करा. केशरासारखा पिवळा-नारिंगी रंग उतरतो. पूर्वी यात रेशीम रंगवत. मी त्यात पांढरा सुती रुमाल बुडवते. रंग उन्हात फिका होत जातो, म्हणून रुमाल सावलीतच वाळवते आणि पुढच्या नवरात्रात पुन्हा रंगवते.

चाळीच्या त्या तीन काड्यांपैकी एक माझ्याकडे आहे, एक धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीला. तिसरी गेल्या जुलैत खालच्या काकूंना दिली. त्यांच्या झाडाची पानं आता गळताहेत. काल फोन करून त्यांना विचारलं, “नख लावून बघितलंत का?” म्हणाल्या, “बघितलं गं, हिरवं आहे.”